गांजा झाडाचाच आहे, मग त्याने काय होतं?

तुम्ही लिहिलंय की भाचा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलवर रोज गांजा ओढतो आणि म्हणतो, "झाडाचाच तर आहे, महाशिवरात्रीला भांग चालते की!" माझा धाकटा भाऊ अगदी हेच म्हणायचा.

तो सतराव्या वर्षी पुण्याला शिकायला गेला. आधी शनिवारी मित्रांबरोबर एखादा जॉइंट, मग रोज. विषय राहिले, क्रिकेट सुटलं. एका दिवाळीला घरी आला तो खिडक्या लावूनच बसला. शेजारी माझ्याबद्दल कुजबुजतात, मोबाइलमधून कुणीतरी ऐकतंय, असं म्हणायला लागला. आईला वाटलं करणी झाली. देवऋषी, अंगारे, उतारे यांत सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांची चुटपुट मला अजून आहे. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: गांजा ओढतो का, आणि घरात कुणाला असा आजार होता का? होता. चुलत आजोबांना. पण त्यांचं नाव घरात कुणी काढायचं नाही.

ओढणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. पण मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. कोवळं वय, रोजचं ओढणं, टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) जास्त असलेला कडक माल आणि घरात आजार असणं, यातलं जेवढं जुळून येईल तेवढा सायकोसिसचा, म्हणजे भावासारखे भास आणि संशय खरे वाटायला लागण्याच्या आजाराचा, धोका वाढतो. लक्ष आणि स्मरणशक्तीवर परिणाम होतो तो वेगळाच. सवय लागत नाही हेही खरं नाही. भावाने सोडला तेव्हा दोन आठवडे त्याला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, प्रत्येकावर खेकसायचा.

भांगेचं म्हणाल तर ती पानांची असते, आणि १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात नुसती पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. फुलोरा म्हणजे गांजा, आणि तो जवळ बाळगणं गुन्हा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४अ मध्ये सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने डॉक्टर टाळू नका.

त्याला मारू नका, फी बंद करण्याची धमकी देऊ नका. आम्ही दोन्ही केलं आणि तो आणखी लपवायला लागला. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे घरच्यांशीही बोलतात. आणि ताईंना आजच विचारा, दोन्हीकडच्या घराण्यांत कुणाला मानसिक आजार होता का.