थिअरीत गुण चांगले मिळतात, पण वॉर्डात पेशंटसमोर काहीच आठवत नाही. नर्सिंगचं शिकलेलं प्रत्यक्षात वापरायचं कसं?

तू लिहिलं आहेस की बीएस्सी नर्सिंगच्या चौथ्या सेमिस्टरला आहेस, ॲडल्ट हेल्थमध्ये ७८ टक्के आहेत, पण मेडिकल वॉर्डाच्या पोस्टिंगला पेशंटजवळ उभी राहिलीस की डोकं रिकामं होतं. स्टाफ सिस्टर सांगतील तेवढं करतेस आणि घरी येऊन रडतेस. आपण या कामाला लायक नाही असं तुला वाटायला लागलंय. मी अठरा वर्षं वॉर्डात काढली, आता नवी मुंबईत विद्यार्थिनींना क्लिनिकल शिकवते. माझ्या मुली तुझ्याच वयाच्या असतात, म्हणून सरळ 'तू' म्हणतेय.

तुझी स्मरणशक्ती ठीक आहे. परीक्षेत प्रश्न येतो तो आजाराचं नाव घेऊन: 'हायपोग्लायसेमियाची (रक्तातली साखर फार उतरण्याची) लक्षणं लिहा.' वॉर्डात कुणी नाव घेऊन येत नाही. पेशंट म्हणतो, "सिस्टर, कसंतरी होतंय." त्या 'कसंतरी'पासून पुस्तकातल्या पानापर्यंत जायची वाट तुला अजून कुणी दाखवलेली नाही. मलाही कुणी दाखवली नव्हती. मला ती एका आजोबांमुळे कळली आणि त्यात त्यांचा जीव जाऊ शकला असता.

नोकरीचं माझं पहिलंच वर्ष होतं. सत्तरीचे आजोबा, मधुमेह, पायाला जखम चिघळलेली, ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर औषध चालू. दुपारच्या जेवणाआधी एचजीटी केली, म्हणजे बोटाला टोचून रक्तातली साखर तपासली, २१२ आली. ऑर्डरप्रमाणे दहा युनिट प्लेन इन्सुलिन दिलं, चार्टवर वेळ टाकली, सही केली आणि पुढच्या खाटेकडे गेले. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. फक्त त्या दिवशी आषाढी एकादशी होती. किचनमधून आलेलं वरणभाताचं ताट आजोबांनी तसंच झाकून खाटेखाली सरकवलं होतं. आजी घरून साबुदाण्याची खिचडी घेऊन येणार होत्या आणि पावसामुळे गाड्या अडकल्या होत्या.

दीडच्या सुमारास आजोबा म्हणाले, "पंखा जरा वाढवा हो, घाम सुटलाय." जुलैचा दमट उकाडा, सगळा वॉर्डच घामाघूम. मी पंखा वाढवला आणि ओव्हरची, म्हणजे पुढच्या ड्यूटीला पेशंट सोपवायची, वही लिहायला बसले. वीसेक मिनिटांनी शेजारच्या खाटेवरच्या काकांनी हाक मारली, "सिस्टर, आजोबा बोलेनात." हात लावला तर अंग गार, कपडे भिजलेले. एचजीटी ४१. डॉक्टर धावत आले, २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली शिरेतून गेली आणि काही मिनिटांत आजोबांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न विचारला, "आमची मंडळी आली का?"

आता बघ, मला काय काय माहीत होतं. प्लेन इन्सुलिन अर्ध्या तासात काम सुरू करतं आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. साखर उतरली की हात थरथरतात, धडधडतं, घाम येतो, हेही लिहिलं होतं. बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते पण घाम मात्र येतो, हे तर मी अधोरेखित केलं होतं. तीन वेगवेगळ्या धड्यांतल्या तीन गोष्टी एकाच खाटेवर, एकाच माणसात समोर होत्या आणि मला दिसला तो उकाडा. आमच्या इन्चार्ज सिस्टर मला ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सिरिंज भरायच्या आधी ताट बघायचं." तेव्हापासून एकाही पेशंटला "आज जेवणार ना? उपास नाही ना?" असं विचारल्याशिवाय मी इन्सुलिन दिलेलं नाही. संकष्टी, रोजा, गुरुवार, सगळं विचारते.

त्यानंतर मी स्वतःला एक सवय लावली आणि तुलाही तीच लावायला सांगेन. ओव्हर झाला, तुझा पेशंट ठरला, की केसपेपर हातात घेऊन दोन मिनिटं उभी राहा आणि स्वतःला विचार: या माणसाला माझ्या ड्यूटीत काय बिघडू शकतं? बिघडलं तर सगळ्यात आधी मला काय दिसेल? आणि दिसलं तर मी लगेच काय करेन? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदाच्या कपट्यावर लिही आणि खिशात ठेव. त्या आजोबांसाठी मी हे केलं असतं तर 'साखर उतरेल – घाम – एचजीटी' एवढंच लिहिलं गेलं असतं आणि तेवढं पुरलं असतं. पुस्तक आठवायचा प्रयत्न करू नकोस. पेशंटला प्रश्न विचार, पुस्तक आपोआप पुढे येईल.

तुझ्या केअर प्लॅनच्या वहीबद्दल बोलायलाच हवं, कारण मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो. सीनियरच्या वहीतून केअर प्लॅन उतरवायची पद्धत जवळपास सगळीकडे आहे. न्यूमोनिया असो की फ्रॅक्चर, प्रत्येकाला 'संसर्गाचा धोका' आणि 'झोपेत अडथळा'. सह्या होतात, लॉगबुक भरतं. पण पेशंटची तपासणी, त्यावरून नर्सिंग निदान, नियोजन, काळजी आणि मग परिणाम झाला का ते बघणं, ही साखळी विचार करायला शिकवण्यासाठीच बनवली आहे. ती उतरवून काढलीस तर नेमकी तीच गोष्ट हातची जाते जी तुला येत नाही म्हणून तू रडतेयस. दहा पानं लिहिण्यापेक्षा तीन ओळी लिही, पण त्या त्याच माणसाच्या असू देत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. ठाण्यापासून पनवेलपर्यंत डेंग्यूने वॉर्ड भरतात ते दिवस. पंचविशीतला मुलगा, तापाचा पाचवा दिवस, सकाळपासून ताप पूर्ण उतरलेला. आई खूश होती, "आज सोडतील ना?" विचारत होती. नातेवाईक आणि सगळेच प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले; आकडा ६२ हजार होता आणि कालच्यापेक्षा फार उतरला नव्हता. माझी एक विद्यार्थिनी, अगदी अबोल मुलगी, त्याचं बीपी घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, १००/८० आहे. पण काल ११०/७० होतं. वरचं खाली आलंय आणि खालचं वर गेलंय."

१००/८० चार्टवर कुणाला खटकत नाही. तिला खटकलं, कारण तिने सकाळी कपट्यावर लिहून ठेवलं होतं: 'ताप उतरल्यावर गळती.' डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरतो त्याच सुमाराला, धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सुरू होऊ शकतात. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो, आतलं रक्त कमी आणि दाट होतं. शरीर रक्तवाहिन्या आवळून सांभाळून घेतं, म्हणून खालचा आकडा चढतो आणि वरचा उतरत जातो. दोहोंमधलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की तो शॉक समजायचा, मग वरचा आकडा कितीही बरा दिसू दे. आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. हात गार. "लघवीला कधी गेला होतास?" "सकाळी सहाला." आता दुपारचे एक वाजले होते. पोटात दुखतंय हेही त्याने विचारल्यावर सांगितलं; पित्त असेल म्हणून गप्प बसला होता. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते सांगणारी तपासणी, पुन्हा पाठवली तर ४१ वरून ४९. डॉक्टरांनी लगेच सलाईनचा वेग ठरवून दिला, मुलगा आयसीयूत गेला आणि चौथ्या दिवशी घरी गेला.

त्या मुलीला वर्गात सगळ्यात जास्त गुण नव्हते. तिने दोन आकड्यांची वजाबाकी केली आणि कालचं पान उलटून बघितलं.

आकड्यांवरून आठवलं. श्वास मोज. घड्याळ हातात धरून, पूर्ण एक मिनिट. आपल्याकडे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर तीस पेशंटचे तीसही श्वास '२०' लिहिलेले असतात आणि ते कुणी मोजलेले नसतात, हे तुलाही ठाऊक आहे. माणूस बिघडायला लागला की बऱ्याचदा श्वासाचा वेग आधी बदलतो, बीपी नंतर पडतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या धोका ओळखण्याच्या गुणपत्रकात मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर त्या एका निरीक्षणालाच सर्वाधिक म्हणजे ३ गुण आहेत. आणि मोजताना पेशंटला सांगू नकोस, तो श्वास बदलतो. नाडी धरल्यासारखं मनगट धरून ठेव आणि छातीकडे बघ.

पेशंटची भाषा हाही अभ्यासच आहे. "जीव घाबरा होतोय", "अंग गळून गेलंय", "पोटात डब्ब झालंय" हे शब्द तुझ्या पुस्तकात नाहीत, पण त्यांच्यामागचे आजार आहेत. मधुमेह असलेली पन्नाशीची बाई "पित्त झालंय, मळमळतंय, घाम येतोय" म्हणाली तर पित्ताच्या गोळीआधी ईसीजी आठवायला हवा, कारण मधुमेहात हार्ट अटॅक छातीत कळ न येताही येतो. असे शब्द मी अजूनही एका वहीत लिहून ठेवते, समोर नंतर काय निघालं ते. ठाणे–वाशी लोकलमधल्या अर्ध्या तासात हे काम होतं. पेशंटचं नाव लिहायचं नाही आणि मैत्रिणीशी गाडीत मोठ्याने केसबद्दल बोलायचं नाही. समोर कोण बसलंय सांगता येत नाही.

डोकं रिकामं होण्याचं आणखी एक कारण म्हणजे हात. बीपीचा कफ नीट बसेल का, शीर मिळेल का, या काळजीत सगळं लक्ष हातांत अडकलं की विचार करायला जागाच उरत नाही. म्हणून लॅबमध्ये प्रोसीजर इतक्यांदा कर की हात न सांगता चालतील. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी नर्सने १९८४ मध्ये मांडलं की नर्स नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत पाच टप्प्यांतून जाते आणि नवशिकी नियम धरूनच चालते. तू नियम धरून चालतेस ते तुझ्या टप्प्याला बरोबरच आहे. चौथ्या सेमिस्टरच्या मुलीने वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरशी स्वतःची तुलना करू नये.

आणि त्या सिस्टरकडे तीस-तीस पेशंट असतात, कधी त्याहून जास्त. तुझ्याकडे दोन आहेत. एका माणसाजवळ वीस मिनिटं बसून त्याचं ऐकायची मुभा नोकरी लागल्यावर क्वचित मिळेल. आत्ता ती पुरेपूर वापर.

डॉक्टरांशी बोलायची भीती वाटते असंही लिहिलंयस. "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" म्हटलं की "म्हणजे काय?" येतं आणि आपण गप्प होतो. त्यासाठी एसबार नावाची पद्धत आहे, अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आलेली: आत्ता काय झालंय, पेशंट कोण, मला काय वाटतंय, मला काय हवंय. त्या अबोल मुलीने त्या दुपारी फोन स्वतः केला. मी शेजारी उभी होते. आधी तिने कपट्यावर चार ओळी लिहिल्या आणि त्या वाचल्या: "सर, बेड नंबर बाराचं बीपी १००/८०, पल्स ११२, हात गार आहेत. डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप सकाळी उतरलाय, सकाळी सहापासून लघवी नाही, पोटात दुखतंय. मला शॉकची सुरुवात वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघाल का, आणि हिमॅटोक्रिट पाठवू का?" पलीकडून "पाठवा, येतोय" एवढंच आलं. फोन ठेवला तेव्हा तिचा हात थरथरत होता, पण आवाज थरथरला नव्हता.

उद्या पोस्टिंगला गेलीस की अजून एक काम कर. इन्सुलिनच्या ट्रॉलीतल्या कुप्या हातात घेऊन लेबल वाच. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची कुपी असते आणि १०० युनिटचीही असते. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० च्या कुपीतलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरलंस तर पेशंटला ५० युनिट जातात. हे गणित आज रात्री वहीत एकदा स्वतः मांडून बघ, आणि सकाळी कुपी हातात असताना पुन्हा. मग ताट बघ.