इंग्लंडमधलं एखादं जुनं कॉटेज आतून जसं होतं तसं पाहायचं असेल तर कुठे जावं?

शेक्सपिअरच्या बायकोचं माहेर सगळेच पाहतात, त्यापलीकडचं काही सुचवा, असं तुम्ही म्हटलंय. मी डोळे मिटून क्लाउड्स हिलचं नाव घेईन.

दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये, बोव्हिंग्टनच्या लष्करी छावणीजवळ हे छोटंसं पांढरं घर आहे. बांधलं १८०८ च्या सुमारास, वनरक्षकासाठी. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बाजूने तुर्कांशी लढलेला, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स पुढे नाव बदलून रणगाडा दलात साधा शिपाई झाला होता. १९२३ मध्ये त्याने हे पडायला आलेलं घर भाड्याने घेतलं. छप्पर दुरुस्तीसाठी त्याने अरबस्तानातून आणलेला सोन्याचा खंजीर विकला. घर पुढे त्याने विकतही घेतलं.

खाली दोन खोल्या, वर दोन. दारावरच्या पट्टीवर त्याने स्वतः ग्रीक अक्षरं कोरली आहेत. अर्थ साधारण ‘पर्वा कोणाला!’ असा. खालची मोठी खोली पुस्तकांची. तिथे चामड्याने मढवलेला ऐसपैस दिवाण आहे, वाचत लोळायला. वरची खोली संगीताची. तिथल्या ग्रामोफोनचा कर्णा एवढा अजस्र आहे की खोली त्याच्यासाठीच बांधली असावी असं वाटतं. छावणीतले सोबती संध्याकाळी इथे यायचे, चहा आणि डबाबंद खाणं व्हायचं, रेकॉर्डी वाजायच्या.

मला सगळ्यात आवडते ती वरची लहान खोली. ओलावा आणि थंडी अडवायला भिंतींना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ वर्ख लावलेला, जहाजात असतो तसा अरुंद बंक, खाली खण आणि ‘टायगर’ या युद्धनौकेची गोल खिडकी. पाव, चीज, लोणी ठेवायला काचेची घुमटाकार झाकणं. घरात स्वयंपाकघर नाही. संडासही नाही! आंघोळीचं टब मात्र त्याने हौसेने बसवून घेतलं. वाचणं, ऐकणं आणि गरम पाणी, एवढ्याच गरजा धरून एका माणसाने घराची आखणी केली, आणि ती अजून तशीच दिसते. इंग्लिश कॉटेज म्हटलं की गवताचं छप्पर आणि दाराशी गुलाब डोळ्यांसमोर येतात. इथे ते शोधू नका.

रणगाडा दलातून तो पुढे हवाई दलात गेला होता. १९३५ मध्ये तिथून निवृत्त होऊन तो इथे कायमचा राहायला आला. काही आठवड्यांतच, १३ मेला घराजवळच्या रस्त्यावर मोटारसायकलचा अपघात झाला, १९ मेला तो गेला. वय ४६. धाकट्या भावाने घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केलं. म्हणून त्यात नंतरच्या कोणाच्या संसाराची भर पडली नाही. त्याचा मूळ ग्रंथसंग्रह मात्र विकला गेला; त्या कपाटांकडे पाहून वाईट वाटतं.

खोल्या खरोखर लहान आणि अंधाऱ्या आहेत, वीज लॉरेन्सने घेतलीच नव्हती, त्यामुळे उजेडाच्या वेळेत जा. ट्रस्टच्या संकेतस्थळावर उघडण्याच्या वेळा आधी बघून ठेवा. लंडनच्या वॉटर्लूहून वेमथच्या दिशेने जाणारी गाडी वूल स्थानकापर्यंत नेते, पुढे टॅक्सी. जवळच मोरटन गावात त्याची कबर आहे. तिथल्या चर्चच्या कोरीव काचेच्या खिडक्यांसाठी अर्धा तास नक्की राखून ठेवा.