पावडर आयशॅडो आणि ब्लश गर्द उठून दिसण्यासाठी ब्रश कसा चालवायचा

अगं, आयशॅडोचं ते पॅलेट इतक्यात कुणाला देऊन टाकू नकोस. तू लिहिलंयस की दुकानात बोटाने हातावर लावून बघितला तेव्हा मोरपंखी अगदी पैठणीच्या काठासारखा दिसला, आणि घरी ब्रशने पापणीवर लावला तर नुसता धुरकट निळसर. ब्लशचंही तेच. यातच उत्तर आहे. बोटावर गर्द उतरतो म्हणजे पावडरीत रंग भरपूर आहे, तो पापणीपर्यंत पोचत नाहीये. बोट ऊबदार असतं, त्याला थोडं तेल असतं आणि मुख्य म्हणजे ते रंग दाबून बसवतं. ब्रश हातात आला की आपण दाबायचं सोडून झाडायला लागतो. अर्धी पावडर गालावर सांडते आणि उरलेली इतकी पातळ पसरते की खालची त्वचा दिसत राहते.

रंग बसवणं आणि कडा पसरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना दोन वेगळे ब्रश लागतात. तू पॅलेटसोबत आलेला एकच फुगीर ब्रश सगळ्याला वापरतेस, तो फक्त कडांसाठी ठेव. रंग बसवायला चपटा, दाट, आखूड केसांचा ब्रश घे. सिंथेटिक केसांचा चालेल, उलट चमकदार शेड्ससाठी तोच बरा, कारण तो पाणी पीत नाही. बकरीच्या वगैरे नैसर्गिक केसांना खवले असतात, त्यात कोरडी पावडर छान धरली जाते, म्हणून मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, रंगांना ते चांगले. पण त्यासाठी खर्च करायलाच हवा असं नाही.

आता हात कसा चालवायचा ते. ब्रश पॅनमध्ये, म्हणजे पॅलेटमधल्या रंगाच्या डबीत, गोल गोल घुसळू नकोस, नुसता भुगा उडतो. चपटी बाजू एकदोनदा टेकव, मग दांडा मनगटावर हलकेच आपटून सैल पावडर झटक. फुंकर मारू नकोस, थुंकी त्याच केसांत जाते आणि ते डोळ्याला लागतात. आरसा जरा खाली धर म्हणजे नजर खाली जाऊन पापणी सपाट होईल. बुबुळाच्या वर जो फुगीर भाग असतो तिथून सुरुवात कर: टेकव, क्षणभर दाब, उचल. ओढायचं नाही. मग त्याला लागून पुढचा ठसा, थोडा आधीच्या ठशावर चढलेला. पापणी भरली की रंग अजून अर्धवट वाटेल. इथेच बहुतेकजणी ब्लेंड करायला, म्हणजे रंग पसरवायला, घेतात आणि लावलेलं सगळं पुसतात. त्याऐवजी ब्रश पुन्हा पॅनला लाव आणि तसाच दुसरा थर दे.

या वेळी ब्रश धातूच्या नळीजवळ धर, दाब नीट येतो. कडा पसरवताना मात्र दांड्याच्या टोकाशी धर, हात आपोआप हलका होतो. त्या फुगीर ब्रशला नवा रंग लावू नकोस. जिथे मोरपंखी संपतो त्या रेषेवरच छोट्या छोट्या फेऱ्या मार, पापणीच्या मध्यभागी तो नेऊच नकोस.

पापणी अगदी कोरडी असेल तर कितीही दाबलं तरी पावडर झडते. प्राइमर (रंग धरून ठेवणारा बेस) किंवा कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या क्रीमचा) अगदी पातळ हात दे, बोटाने थापून घे. पापणीवर तो किंचित चिकट असतानाच रंग दाबायचा. मात्र पापणीच्या वरच्या घडीजवळ त्वचेच्याच रंगाची थोडी पावडर फिरव, कारण चिकट जागेवर कडा पसरत नाहीत, डाग पडतात. ही एक गोष्ट व्हिडिओत क्वचितच सांगतात. कन्सीलर जाड झाला तर तासाभरात घडीत रेघा जमतात, आपल्या दमट हवेत तर हमखास.

चमकदार शेड असेल तर ब्रश ओला करून बघच. शिमरमधली चमक अभ्रकाच्या चपट्या कणांची असते, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो. हे कण आडवे, एकमेकांना लागून बसले की प्रकाश एकाच दिशेला फेकतात. कोरडे झाडले तर वेडेवाकडे पडतात आणि नुसती चकचक गालभर पसरते. ओलावा आणि दाब त्यांना आडवं बसवतात. क्रम महत्त्वाचा: आधी कोरड्या ब्रशवर पावडर घे, मग ब्रशवर पाण्याचा बारीक फवारा मार, मग पापणीवर दाब. ओला ब्रश थेट पॅनमध्ये घातलास तर वर कडक पापुद्रा धरतो आणि रंग उचललाच जात नाही. तसा तो आधीच धरला असेल तर सेलोटेप हलकी चिकटवून ओढ, पापुद्रा निघून येईल. मॅट शेडला पाणी नको, चट्टे पडतात.

तुझा मोरपंखी मॅट आहे म्हणतेस. मॅट निळे-हिरवे आणि जांभळे रंग मुळातच एकसारखे बसायला अवघड असतात. त्यांच्याखाली त्याच रंगाची किंवा काळी काजळ-पेन्सिल पापणीवर पसरून घे आणि ती सुकायच्या आत शॅडो दाब. रंग दुप्पट गर्द दिसेल. पांढरा बेस पिवळ्या किंवा पोपटी रंगाखाली छान, सावळ्या त्वचेवर गडद रंगाखाली मात्र तो राखाडी छटा आणतो.

ब्लशचं गणित थोडं उलटं आहे. ओल्या फाउंडेशनवर पावडर ब्लश लावला की पहिल्याच ठशाला डाग धरतो. म्हणून गालावर आधी अगदी थोडी फेस पावडर दाबून घे, पण तिचा थर चढवू नकोस, नाहीतर ब्लश खडूसारखा दिसतो. मग मध्यम दाट ब्रशने गालाच्या हाडावरून कानाकडे दाबत जा, शेवटी गोल फिरवून कड मोडायची. जास्त वेळ टिकवायचा असेल तर आधी त्याच छटेचा क्रीम ब्लश बोटाने थापायचा आणि वर पावडर ब्लश दाबायचा. गहूवर्णी किंवा सावळ्या रंगाला फिकट बेबी पिंक टाळ, त्यात पांढरं रंगद्रव्य जास्त असतं आणि गाल पांढरट दिसतो. विटकरी, गडद नारिंगी, जांभळट लाल हे रंग बघ, त्यांचा एकच थर पुरतो. ब्लशवर पुन्हा कॉम्पॅक्ट फिरवू नकोस. पावडर फारच कोरडी वाटली तर सगळं झाल्यावर सेटिंग स्प्रेचा (मेकअप बसवणाऱ्या फवाऱ्याचा) एक लांबून फवारा मार.

रंग बदलताना ब्रश कोरड्या मायक्रोफायबर कापडावर पुसत जा, नाहीतर तिसऱ्या रंगापर्यंत सगळंच मातकट होतं. आठवड्याला बेबी शाम्पूने धू आणि आडवा वाळव. उभा ठेवलास तर पाणी नळीत उतरून डिंक सुटतो, केस गळायला लागतात. बहिणीच्या लग्नाला अजून दोन आठवडे आहेत ना, तेवढ्यात एक चपटा ब्रश घेऊन एका डोळ्यावर झाडून आणि दुसऱ्यावर दाबून लाव, खिडकीच्या उजेडात फोटो काढ आणि इथे टाक. मग पेन्सिल कोणत्या छटेची घ्यायची ते बघू.