एकशे पंधरा राउंडचा हिशोब

मागच्या अंकात मिग-२१ च्या निरोपावर दोन पानं लिहिली होती. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हे विमान आपल्या हवाई दलातून निवृत्त झालं, त्या निमित्तानं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्या मंडळींनी मला 'वैमानिक साहेब' करून टाकलंय. आधी तो गैरसमज काढतो. मी विमान कधी चालवलं नाही. मी आर्मामेंटचा फिटर. विमानाच्या गन, बॉम्ब आणि वैमानिकाच्या बुडाखालची, संकटात त्याला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट, एवढा माझा संसार. १९७२ च्या मार्चमध्ये नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानाच्या स्क्वाड्रनला रुजू झालो, तेव्हा लढाई संपून तीन महिने झाले होते. म्हणजे १९६५ आणि १९७१ च्या गोष्टी मी ऐकलेल्या, वाचलेल्या, पाहिलेल्या नाहीत. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

प्रश्न : सिनेमात दोन लढाऊ विमानं दहा-दहा मिनिटं एकमेकांवर गोळ्या झाडतात. खरी डॉगफाइट किती वेळ चालते? (इयत्ता नववीतला विद्यार्थी, कराड)

बाळा, वही-पेन घे. नॅटला ३० मिलिमीटरच्या दोन एडन गन. प्रत्येकीला ११५ राउंड, म्हणजे गोळ्या. एडन मिनिटाला बाराशे तरी राउंड फेकते. भागाकार तूच कर. उत्तर सहा सेकंदांच्या आतच येईल. ट्रिगर एकदा धरून ठेवला, तर सहाव्या सेकंदाला वैमानिकाजवळ इंधन आणि कुलदैवत एवढंच उरतं. म्हणून ते अर्ध्या-पाऊण सेकंदाचे फटके मारतात. सिनेमातल्या हिरोला बहुधा मागून कोणीतरी बेल्ट पुरवत असावं.

आता दुसरं गणित. तासाला नऊशे किलोमीटर म्हणजे सेकंदाला अडीचशे मीटर. दोन विमानं समोरासमोर आली तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला पाचशे मीटरनं तुटतं. नॅटच्या पंखांचा फैलाव बावीस फूट. हात लांब करून चिमटीत मोहरीचा दाणा धर. तीन किलोमीटरवरून समोरचं नॅट तेवढं दिसतं. तो दाणा अंगावर यायला सहा सेकंद. त्यामुळे घिरट्या-कोलांट्या चालतात ते मिनिट-दोन मिनिटं. निकाल बऱ्याचदा त्याआधीच लागलेला असतो. ज्यानं आधी पाहिलं तो जिंकला. ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकानं १९१६ मध्ये नियम लिहून ठेवले होते: सूर्य पाठीशी ठेवा, जवळ जाऊनच गोळी घाला, एकाच शत्रूमागे दोघं लागू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका इंग्रज विमानाचा पाठलाग करताना स्वतःच्याच सोबत्याच्या विमानाची धडक लागून तो गेला. नियम त्याचेच होते.

तुला आवडेल म्हणून आमच्या बाजूचंही सांगतो. एक राउंड अर्ध्या किलोच्या आसपास. बेल्टमध्ये प्रत्येक राउंड कडीत सारखा बसलेला हवा. एक जरी केसभर पुढे-मागे असला, तर तिथेच गन अडकते आणि वर वैमानिक नुसता ट्रिगर दाबत राहतो. नॅटच्या गन जॅम होण्याची तक्रार १९६५ पासूनची, त्यामुळे आमचे सार्जंट बेल्ट डोळ्यांनी तपासूच द्यायचे नाहीत. "आँख झूठ बोलती है, अंगूठा फेर." मग अंबाल्याच्या जानेवारीत, बर्फासारख्या पितळेवरून, ११५ वेळा अंगठा. पुन्हा दुसऱ्या गनला ११५ वेळा. माझ्या उजव्या अंगठ्याला आजही थंडीत चीर पडते. बायको म्हणते, तूप लाव.

प्रश्न : १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या एम. एम. आलम यांनी एका मिनिटात पाच भारतीय हंटर पाडली, असं नातवानं सांगितलं. मी म्हणते ही थाप. आमच्यात पैज लागली आहे. (निवृत्त शिक्षिका, पुणे)

बाई, पैजेचे पैसे तूर्त कोणालाच देऊ नका.

७ सप्टेंबर १९६५ ची सकाळ. पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर हल्ला करून परतणाऱ्या आपल्या हंटर विमानांना आलम यांच्या सेबर या लढाऊ विमानानं गाठलं. त्यांचा दावा पाचांचा, तोही मिनिटाच्या आत. आपल्या नोंदींप्रमाणे त्या झटापटीत दोन हंटर गेली, स्क्वाड्रन लीडर भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर ब्रार यांची. दोन्ही वैमानिक गेले. बाकीचे पंजाबातल्या आपल्या हलवारा तळावर उतरले, आणि ते पुढेही उडत राहिले. आता घरी आलेल्या माणसाला पडलेला कसा म्हणायचं? पण म्हणून आलम यांना थापाड्याही म्हणू नका. त्या सकाळी त्यांनी दोन विमानं पाडली, तरी ती अस्सल शिकाऱ्याची कामगिरी होते.

आणि आपलंही अंगण झाडून पाहू. ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनी नॅटनं सेबर पाडलं म्हणून देशभर पेढे वाटले गेले, त्यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तानी बाजू सांगते की ते सेबर शेपटीला जबर मार खाऊन का होईना, सरगोध्याला उतरलं. (त्याच दिवशी आपलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं, ते आज कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. आमच्या स्क्वाड्रनमध्ये हा विषय कोणी काढत नसे.) २२ नोव्हेंबर १९७१ ची, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरची बोयराची झटापट घ्या. खालच्या सैन्यावर मारा करण्यात गुंतलेल्या तीन सेबरांवर डमडमहून उडालेली आपली चार नॅट तुटून पडली. मॅसी, गणपती आणि लाझारस यांच्या नावावर एकेक, असे तीन आपण मोजले. दोन वैमानिक पॅराशूटनं उतरून पकडले गेले, त्याबद्दल वादच नाही. तिसरं सेबर लंगडत ढाक्याला पोचलं होतं, हे आपल्याला नंतर कळलं. पकडलेल्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी १९९७ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले.

यात कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही. गोळी लागते, धूर निघतो, आणि मारणाऱ्याला तो धूर बघत बसायला वेळ नसतो, कारण त्याच्याही शेपटीवर कोणी असू शकतं. गन कॅमेऱ्याची फिल्म धूर दाखवते. पुढच्या पन्नास किलोमीटरचं काही दाखवत नाही. आम्ही खाली फक्त एकच खात्रीनं सांगू शकायचो: किती राउंड गेले आणि किती परत आले. ते कुठे गेले, हे आमच्या रजिस्टरात मावत नसे.

बाई, नातवाला आलम यांच्याइतकंच एक नाव आणखी सांगा. त्याच दिवशी, त्याच सरगोध्यावर आपली मिस्तेर विमानंही गेली होती. स्क्वाड्रन लीडर देवय्या त्यात राखीव होते. कोणाचं विमान मागे राहिलं तरच जायचं, असं ठरलं होतं. आणि जायची वेळ आली. परतीला पाकिस्तानी स्टारफायटरनं गाठलं. ते विमान आवाजाच्या दुप्पट वेगाचं, आपलं मिस्तेर त्याच्यापुढे बैलगाडी. देवय्या परत आले नाहीत. आपण 'बेपत्ता' लिहिलं आणि फाइल मिटली. १९७९ मध्ये एका ब्रिटिश लेखकाचं, पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूनं लिहिलेलं पुस्तक आलं. त्यात होतं की एका मिस्तेरनं उलटून झुंज दिली आणि स्टारफायटर पाडलं. वैमानिक अमजद हुसेन उडी मारून वाचले. ते मिस्तेर कोणाचं, याचा छडा मग इकडे लावला गेला. १९८८ मध्ये देवय्यांना महावीरचक्र मिळालं, तेवीस वर्षांनी. तेही शत्रूनं नोंद प्रामाणिकपणे ठेवली म्हणून.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरचं इंजिन ऐन लढाईत बंद पडायचं असं ऐकलं. एवढं नावाजलेलं विमान आणि असं कसं? (दुचाकी मेकॅनिक, कोल्हापूर)

मिस्त्री, हा प्रश्न तुम्हीच विचारायला हवा होता. तुमच्या गिऱ्हाइकाची गाडी आडवी पडते तेव्हा कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहतं की नाही? कारण आतला फ्लोट. तो फक्त सरळ उभ्या गाडीतच अक्कल चालवतो. स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटचाच कार्बोरेटर होता. वैमानिकानं नाक एकदम खाली दाबलं की तो सीटवरून उचलला जायचा, तसंच पेट्रोलही भांड्याच्या तळातून उचललं जायचं. इंजिन आधी उपाशी आचके द्यायचं. मग सुया उघड्याच राहिल्यानं पेट्रोलचा पूर यायचा आणि काळा धूर. तुमच्या भाषेत, ओव्हरफ्लो.

जर्मन मेसरश्मिटला थेट इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटरच नाही. त्यांच्या वैमानिकाला हे पक्कं ठाऊक. मागे स्पिटफायर लागलं की सरळ नाक दाबून सुटायचं. इंग्रज वैमानिकाला आधी अर्ध उलटं होऊन मग खाली ओढावं लागायचं, तोवर शिकार गेलेली. १९४० ची सगळी लढाई ते असेच लढले.

यावर तोड काढली बिअट्रिस शिलिंग या बाईंनी. फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन केंद्रात इंजिनिअर होत्या. ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकल ताशी शंभर मैलांच्या वर पळवून त्यांनी गोल्ड स्टारचा बिल्ला मिळवलेला. त्यांनी काय बनवलं? मधोमध नेमक्या मापाचं भोक असलेली छोटी धातूची चकती. पेट्रोलच्या वाटेत ती बसवली की पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल जातं, पूर येत नाही. इंजिन उतरवायची गरज नाही. १९४१ च्या सुरुवातीला बाई स्वतः मोटारसायकलवरून तळातळावर फिरून चकत्या बसवून घेत होत्या. उलटं उडायची सोय त्यानं झाली नाही, पण नाक दाबता यायला लागलं. पुढे दाबावर चालणारे कार्बोरेटर येईपर्यंत त्या वॉशरवर काम निघालं. लोक स्पिटफायरच्या पंखांच्या आकारावर कविता करतात. माझ्या लेखी ती चकती मोठी.

प्रश्न : पहिल्या महायुद्धात रेड बॅरनसारखा एखादा भारतीय वैमानिक होता का? (सोलापूर)

होता. इंद्रलाल रॉय, कलकत्त्याचे. जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा विमानं, आणि २२ जुलैला स्वतः गेले. वय एकोणीस. रेड बॅरन म्हणजे रिख्तहोफेन, त्याची ऐंशी होती, त्याला मिळालेलं आयुष्य आणि युद्धही जास्त होतं.

प्रश्न : लढाऊ वैमानिकांत मराठी नावं फारशी ऐकू येत नाहीत. का? (ठाणे)

ऐकू येत नाहीत, कारण आपण विचारत नाही. ऋषिकेश मुळगावकर मुंबईत जन्मलेले, १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. प्रदीप नाईक नागपूरचे, मिग-२१ चे वैमानिक, तेही प्रमुख झाले.

पण मला सांगायचं ते दिलीप पारुळकर यांचं. १९७१ च्या डिसेंबरात त्यांचं सुखोई-७ विमान पडलं आणि ते युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत गरेवाल आणि हरीश सिंहजी या दोघांसोबत त्यांनी भिंत पोखरली आणि ऑगस्ट १९७२ मध्ये एका वादळी पावसाच्या रात्री तिघं बाहेर पडले. बसनं पेशावर, तिथून खैबर खिंडीत लंडी कोतलपर्यंत गेले. अफगाण सीमा हाकेच्या अंतरावर आलेली. नकाशात पुढचं रेल्वे स्टेशन लंडी खाना असं होतं, म्हणून त्यांनी तिथे जायची वाट विचारली. ते स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलेलं. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनाचा पत्ता विचारणारे हे कोण, म्हणून लोकांना संशय आला आणि तिघं पकडले गेले. वर्षाअखेरीस सगळे कैदी सुटून घरी आले, हे नशीब.

प्रश्न : विमान परत आलं नाही, तर जमिनीवरची माणसं काय करतात? (सांगली)

वाट बघतात. पण हातात काही नसताना वाट बघणं वेगळं.

प्रत्येक विमानाचा फॉर्म ७०० असतो. कोणी काय तपासलं, त्याच्या सह्या त्यात. अपघात झाला की पहिल्यांदा तो फॉर्म कुलूपबंद होतो, मग बाकीचं. १९७६ मध्ये आमचं एक नॅट सरावाला गेलं आणि रेडिओ गप्प झाला. सीट मी तपासली होती. उड्डाणाआधी सीटच्या सेफ्टी पिना काढायच्या, लाल फितींसकट वैमानिकासमोर धरून मोजायच्या, त्यानं मान हलवली की शिडी काढायची. एखादी पिन आत राहिली तर सीट सुटत नाही. फॉर्मवर माझी सही होती, आणि फॉर्म आता साहेबाच्या कपाटात.

पिना माझ्या ओव्हरऑलच्या खिशात होत्या. मी मोजल्या. बरोबर होत्या. दहा मिनिटांनी पुन्हा मोजल्या. चहा आला, निवला. तीन तासांत किती वेळा मोजल्या, सांगता येणार नाही. शेवटी शेवटी वाटायला लागलं की मला आकडेच येत नाहीत.

साडेचारला गेटवर उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आला. मडगार्डवर आमचे फ्लाइट लेफ्टनंट, एका हातानं कंबर धरलेली, गालाला माती. डॉक्टर स्ट्रेचर घेऊन धावले, तर ते म्हणाले, "रुको. इस सीट पे आख़िरी हाथ किसका था?"

मी पुढे झालो. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून खिशातल्या पिनाच पुढे केल्या. त्यांनी त्या घेतल्या, एकेक करून मोजल्या आणि माझ्या हातात परत ठेवल्या. मग स्ट्रेचरवर आडवे झाले.

रात्री बिलेटवर, म्हणजे आमच्या राहायच्या जागी, माझ्या नावानं रमची बाटली आली. मी माळकरी. सेक्शननं संपवली, आणि वर मलाच ग्लास धुवायला लावले.