महिंद्रा थारचं मागचं चाक २ टनी ट्रॉली जॅकने जमिनीवरून सुटतच नाही. जॅकखाली विटा लावल्या तर चालेल का?

विटा नकोत. भाजकी वीट असो की सिमेंटचा ब्लॉक, एका टोकावर ओझं आलं की आधी काही कळू न देता फुटते.

तुमचा जॅक बिघडलेला नाही. तुम्ही लिहिलंय की गाडी घोडबंदर रोडच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंगला, पेव्हर ब्लॉकवर आहे, टायर २५५/६५ आर १८ आहेत, जॅक ३४० मिमीपर्यंत जातो आणि चासीला लावला की गाडी वर जाते पण चाक जागचं हलत नाही. जरा आकडेमोड करू. २५५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १६६ मिमी, ही टायरची बाजूची उंची. वरची-खालची मिळून ३३१, त्यात १८ इंची रिमचे ४५७. टायर झाला जवळपास ७८९ मिमीचा, निम्मा ३९४. गाडीच्या वजनाने तो खाली पंधरा-वीस मिमी दबतो. म्हणजे मागच्या ॲक्सलचा मध्य ३७५ च्या आसपास आणि ॲक्सलच्या नळीची खालची कड ३३५-३४० वर. थोडक्यात, तुमचा जॅक जिथे संपतो तिथे ॲक्सल सुरू होतो.

चासीला लावलात तर गणित आणखी बिघडतं. चासी उचलली की स्प्रिंग सैल होते, ॲक्सल खाली लोंबतो आणि चाक जमीन धरून बसतं. खड्ड्याखळग्यांत चाक जमिनीवर टेकलेलं राहावं म्हणून अशा गाड्यांना सस्पेन्शनचा प्रवास मुद्दाम जास्त देतात. जंगलात जे कामाचं, तेच पार्किंगमध्ये डोकेदुखी.

म्हणून ‘२ टन की ३ टन’ हा प्रश्न इथे दुय्यम आहे. गाडी पावणेदोन टनांच्या आगेमागे, मागची दोन्ही चाकं उचललीत तरी जॅकवर टनाच्या आतच ओझं येतं. ३ टनी जॅक घ्यायचा तो उंचीसाठी आणि रुंद बैठकीसाठी. खोक्यावर टनाच्या आकड्याऐवजी ‘कमाल उंची’ वाचा, ४८०-५०० मिमी हवी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात गेलात तर दुकानदाराला जॅक पूर्ण वर करायला लावा आणि टेपने मोजून घ्या. वजन तीसेक किलो भरतं, न्यायला दोन माणसं ठेवा.

आता जमीन. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. वाटी (जॅकचा गाडीला टेकणारा वरचा भाग) वर जाताना थोडी मागेपुढे सरकते, आणि ते अंतर भरून काढायला जॅक स्वतःच्या चाकांवर घरंगळावा लागतो. पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती छोटी लोखंडी चाकं अडकली की जॅक हलत नाही. मग एकतर वाटी ॲक्सलवरून घसरते, नाहीतर गाडी ओढली जाते. गाडी जॅकवरून पडते ती बहुतेक वेळा अशी, जॅक तुटून क्वचितच. १९ मिमीचा प्लायचा तुकडा, दोन बाय तीन फुटांचा, खाली टाका आणि जॅकचं तोंड आत ठेवून पुढे वीतभर जागा मोकळी सोडा. पावसाळ्यात पेव्हरखालची वाळू वाहून गेलेली असते, त्यामुळे घोडीखालीही (गॅरेजवाले जॅक स्टँडला घोडीच म्हणतात) प्लाय हवाच. स्टिल्टच्या जमिनीला पाणी जायला उतार दिलेला असतो. पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवून बघा, घरंगळली तर जागा बदला. मेकॅनिकल पार्किंगच्या पत्र्यावर गाडी उचलण्याचा विचारही करू नका.

हँडब्रेकबद्दल गैरसमज फार. तुमच्या गाडीत तो मागच्या चाकांवर लागतो. मागचं एकच चाक उचललं तर दुसरं धरून राहतं, दोन्ही उचलली की त्याने जमिनीवरचं काहीच अडत नाही. नुसता गिअर टाकून ठेवण्याचंही तसंच. एक चाक हवेत असलं की डिफरन्शियल (ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) त्या मोकळ्या चाकाला फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक घरंगळू शकतं. जुन्या विलिस जीपचा हँडब्रेक ट्रान्समिशनवर असायचा, तिथे तर ओढलेल्या हँडब्रेकसकट गाडी घरंगळायची ती याच कारणाने. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या (चाक अडवणाऱ्या पाचरी) लावा, रबरी किंवा जाड लाकडाच्या. फोर बाय फोर असेल तर गिअरमध्ये ठेवून फोर-हाय (चारही चाकं जोडणारी लिव्हरची जागा) टाका, पण लिव्हर पडली म्हणजे पुढचा ॲक्सल जोडला गेला असं नाही. इग्निशन देऊन डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागलाय का ते पाहा, मग चावी काढा. इंजिन चालू ठेवून काहीही नको. मागे लॉकिंग डिफरन्शियल असेल तर उचललेलं चाक जोरात फिरू लागलं की ते लॉक होऊन गाडी जॅकवरून उडी मारू शकते.

जॅक कुठे लावायचा? मागे, ॲक्सलच्या नळीला, चाकाच्या जवळ. आधी टॉर्च मारून वाकून बघा. ब्रेकची बारीक पाइप आणि एबीएसची वायर याच नळीला धरून जाते, वाटीत ती चेपली तर चाक बदलायला गेलात आणि ब्रेक घालवून बसलात. मधल्या गोळ्याला (डिफरन्शियल हाउसिंग) लावू नका, गाडी एका बाजूला कलू शकते आणि मागचं झाकण पत्र्याचं असतं. शॉक ॲब्सॉर्बरचा ब्रॅकेट, स्टिअरिंगचा रॉड, साइड स्टेप हे तर नाहीच नाही. पुढे तुमच्या थारला आखूड सस्पेन्शन आर्म आहेत, अखंड ॲक्सल नाही, म्हणून तिथे मॅन्युअलमध्ये दाखवलेली चासीची जागाच घ्या आणि जास्त उंची लागेल हे धरून चाला. मारुती जिम्नीवाल्यांना पुढेही अखंड ॲक्सल मिळतो, त्यांचं काम सोपं.

उचलण्यापूर्वी चाक जमिनीवर असतानाच पाचही नट पाव आटा सैल करा. हवेत पान्यावर जोर देणं म्हणजे जॅकला धक्के देणं. मग पंप मारा, चाक दोन बोटं सुटलं की थांबा. पंक्चर टायर काढून हवा भरलेला चढवणार असाल तर आणखी तीन-चार बोटं.

आता घोडी. ३ टनी घोड्या साधारण २८० ते ४२५ मिमी जातात, ६ टनी ३९० ते ६००. ॲक्सलखाली ३ टनी चालते, चासीखाली ६ टनी लागते. घोडीचा खटका दातात पूर्ण बसलाय का ते बोटाने चाचपा, आडवी पिन असेल तर ती घाला. जॅक सोडताना व्हॉल्व्हचा दांडा पाव आट्याहून कमी फिरवा, गाडी सावकाश टेकू द्या. मग कडेला उभं राहून गाडी जोरात ढकला. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅकही नुसता टेकलेला राहू द्या.

खाडीच्या दमट हवेत ॲलॉय व्हील हबला गंजून चिकटतं, आणि लोक जॅकवरच्या गाडीला लाथा घालतात. तसं नको. नट परत लावून एकेक आटा सैल ठेवा, गाडी खाली घ्या, हाताने पुढेमागे ढकला. कट्‌ असा आवाज येऊन चाक सुटतं.

बसवताना नट हाताने लावून ताऱ्याच्या आकारात समोरासमोर आवळा, शेवटचा टॉर्क चाक जमिनीवर आल्यावर, मॅन्युअलच्या आकड्याला. ५०-८० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघा.

नवा जॅक आणलात तर पहिल्या वापराआधी व्हॉल्व्ह उघडून दांडा दहा-पंधरा वेळा मारा, आतली हवा निघते. मग गाडी थोडी उचलून दहा मिनिटं तशीच ठेवा, खाली हात न घालता. वाटी खचली तर तो जॅक दुकानात परत.