तिच्या नावाआधी 'सिस्टर' लिहा

प्रश्न: ताई, नमस्कार. मी सोलापूरची, वय 61. माझी आई गेल्या वर्षी गेली, 91 पूर्ण करून. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि आम्ही भावंडं मिळून एक छोटी स्मरणिका काढतोय, चोवीस पानांची. आई सिव्हिलला नर्स होती, 1991 ला रिटायर झाली. दादानं मजकूर लिहून आणलाय, 'प्रेमळ माता, आदर्श पत्नी, रुग्णसेवेचं व्रत घेतलेली माउली' वगैरे. वाचल्यावर मला रडू यायला पाहिजे होतं पण आलं नाही, वाटलं ही कोण बाई?

माझी आई नाईट करून सकाळी यायची, अंगाला स्पिरिटचा वास, आणि आंघोळ केल्याशिवाय आम्हाला जवळ घ्यायची नाही. आमच्या वेण्या अण्णांनी घातल्यात. त्यांची मिल बंद पडली आणि मग सगळं घर आईच्या पगारावर चाललं. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, वाड्यातली सगळी पोरं आईचं बोट धरून अक्षता सोहळा बघायला जायची आणि आमची आई ड्युटीवर. मला त्याचा राग होता, खरं सांगायचं तर थोडा अजून आहे. दादा म्हणतो असलं काय लिहायचं असतंय व्हय, लोक काय म्हणतील.

एक गोष्ट सांगते. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात सलाईन लावायला एक नवीन मुलगी आली, तिचा हात थरथरत होता. आईला तेव्हा आम्ही पण ओळखू येत नव्हतो. पण तिनं त्या मुलीचं मनगट धरलं, तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. नाडी मोजत होती. हे लिहायचं का? लिहायचं तर कसं?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, ते मनगटाचं पहिल्या पानावर घ्या. जसं मला लिहिलंय तसंच, एक शब्द वाढवू नका, 'शेवटच्या श्वासापर्यंत सेवा' असलं काही त्याला जोडू नका. नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये अगदी सुरुवातीला शिकवतात ती गोष्ट आहे ती, तीन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि मोजणी चुकते. पोरांची नावं गेली पण बोटांनी ते धरून ठेवलं होतं. याच्यापुढं 'माउली' शब्द फार लहान आहे हो.

आता दादांचं. त्यांच्यावर चिडू नका, त्यांना जे शब्द सगळीकडे छापलेले दिसतात तेच त्यांनी घेतले, आपल्याकडे बाई गेली की एवढेच शब्द मिळतात. पण 'प्रेमळ माता' मधून आई काढून दुसरी कुणीही बाई ठेवली तरी वाक्य तसंच राहतं ना, तिथंच सगळं चुकतं.

आपल्या सोलापुरातलंच उदाहरण देते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत, 1910 साली इथं जन्मले, 1938 च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच वारले. भैय्या चौकातलं स्मारक तुम्ही बघितलं असेल. त्यांची बायको गुओ चिंगलान, ती नर्स होती. लग्न 1941 चं, मुलगा झाला ऑगस्ट 1942 मध्ये, त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन एकत्र. नवरा गेला तेव्हा पोर चार महिन्यांचं पण नव्हतं. तोच मुलगा पुढं डॉक्टरकी शिकत असताना वयाच्या 24 व्या वर्षी गेला. ती बाई मात्र 96 वर्षं जगली, 2012 ला वारली, मधल्या काळात भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटून पण गेली. नवरा गेल्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं! आणि आपण सोलापूरकर तिला ओळखतो ते 'कोटणीसांची चिनी बायको' म्हणून, तेवढंच. मला हे फार लागतं. तुमच्या आईचं असं होऊ देऊ नका. आदर्श पत्नी खाली लिहा पाहिजे तर, वर आधी 'सिस्टर' लिहा.

आणि कुठल्या नावानं लिहायचं तेही बघा. त्या काळात बऱ्याच जणींचं ट्रेनिंग लग्नाआधी झालेलं, त्यामुळे सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव असायचं आणि वॉर्डात कायम त्याच नावानं ओळखायचे. तुमच्या आईचं तसं असेल तर दोन्ही नावं छापा, नाहीतर तिच्याबरोबर काम केलेल्या बाईला फोटो बघूनसुद्धा कळायचं नाही की ही आपलीच सिस्टर.

मग माणसं शोधा. तिच्या बॅचच्या कुणी असतील तर त्या आता नव्वदीला आल्या असतील, म्हणून आधी त्यांच्याकडे जा, बाकीचे नंतर. आया, वॉर्डबॉय, त्यांची मुलं. त्यांना 'आई कशी होती' असं विचारू नका, सगळे 'चांगली होती' म्हणतील आणि विषय संपेल. विचारा, पूर्व भागातल्या विणकराच्या बायकोला मराठी येत नसेल तर आई काय करायची? सोलापुरात काम केलेली जुनी सिस्टर म्हणजे 'एक्कड नोप्पी?' आणि 'एल्लि नोवु?' दोन्ही येणारच, कुठं दुखतंय एवढं तेलुगूत आणि कानडीत विचारता आल्याशिवाय इथं वॉर्ड चालत नव्हता. विचारा, डबा काय असायचा. माझी मावशी नर्स होती, ती नाईटला कडक भाकरी आणि शेंगाचटणीच न्यायची, कारण रात्री दोनला खायला मिळो नाहीतर पहाटे पाचला, ते खराब होत नाही. असल्या चार गोष्टी मिळाल्या की बाई पानावर उभी राहते.

1993 च्या भूकंपाचं पण विचारा. आई रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, पण 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होऊन गेलेली, आणि जखमी माणसं सोलापूरला यायला लागली तेव्हा ती घरात बसली असेल असं मला तरी वाटत नाही. गेली असेल तर कुणाला तरी आठवत असेल.

आता तुमचा राग. तो लिहाच. गड्ड्याला आई नव्हती हे लिहिलंत तर ती कुठं होती ते आपोआप लिहिलं जातं. ज्या रात्री तुम्ही तिच्याशिवाय झोपलात त्या रात्री दुसऱ्या कुणाचं तरी पोर तापानं फणफणलेलं आणि त्याच्या कपाळावर तिचा हात होता, दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं फिटत नाही. तुमचं जे गेलं ते गेलं. एवढं खरं लिहिणारी मुलगी आहे म्हटल्यावर लोक बाकीच्या पानांवर पण विश्वास ठेवतील. आणि अण्णांना विसरू नका. मिल बंद पडलेला माणूस त्या काळात पोरींच्या वेण्या घालतोय, शेजारीपाजारी काय बोलले असतील! त्या वेण्यांवर अख्खं एक पान द्या, त्यांच्या लग्नाबद्दल 'आदर्श पत्नी' पेक्षा त्यातून जास्त कळतं.

दादांना हे पत्र दाखवा. त्यांनाही काहीतरी आठवत असणार, मोठे आहेत, त्यांनी आईला तुमच्या आधीपासून बघितलंय.

प्रश्न: माझी आई 84 वर्षांची आहे, रिटायर्ड नर्स. जुनं काही विचारलं की 'त्यात काय सांगायचं' म्हणून गप्प बसते. कसं बोलतं करू?

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: मन मोकळं कर म्हणून मागे लागू नका, त्या पिढीला ते जमत नाही. वस्तूंबद्दल विचारा. त्यांच्या वेळी काचेच्या सिरिंजा होत्या, स्टरिलायझरमध्ये उकळायच्या, सुया परत परत वापरायच्या, त्यांना दगडावर धार लावायची, आत तार घालून साफ करायच्या. क्रिस्टलाईन पेनिसिलीन दर चार-सहा तासांनी द्यायचं म्हणजे रात्री पेशंटला उठवून टोचायचं. हे सगळं हातानं केलेलं असतं, हाताचं काम विचारलं की माणूस बोलतं. दुपारी चहा झाल्यावर, शेंगा सोलत वगैरे बसलेल्या असतील तेव्हा सहज विचारा, 'सुई बोथट झाली की काय करायचीस गं?' फोनचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून चालू करा. आणि मग मध्ये अजिबात बोलू नका.