लॉगमधली ‘नोटीस’ किती जड?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर वजनकाट्याच्या पावत्यांचं काम पाहणाऱ्या एका भाऊंचा प्रश्न आहे. त्यांच्या सर्वरवर अपाची (वेबपानं पुरवणारा प्रोग्राम) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) चालतं. अपाचीच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची नोंद लिहितो त्या वहीत, जवळजवळ रोज ‘नोटीस’ दिसते, पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये अधूनमधून ‘फेटल’. शेठजींनी ते पाहिलं आणि विचारलं, ‘नोटीस कोनं धाडली बाप्पा?’ तर, नोटीस जड की वॉर्निंग? आणि या नोटिशीला मराठीत काय म्हणावं?

शेठजी दचकले यात नवल नाही. मराठीतली नोटीस वरून खाली येते: बँकेच्या वसुलीची, भूसंपादनाची, कोर्टाची. ती ‘बजावतात’, आणि घेणारा सापडला नाही तर दारावर डकवतात. ‘त्याले नोटीस आली’ एवढं पारावर कोणी बोललं की पुढचं विचारावं लागत नाही. इंग्रजीत हा शब्द ‘लक्षात आलेली गोष्ट’ इतका साधाही असतो. आपल्याकडे मात्र त्याचा कचेरीतला अर्थच घट्ट बसला.

लॉगमधली नोटीस खालून वर जाते. गावात काही वेगळं घडलं की पोलीसपाटील ठाण्यात वर्दी देतो, तशी ती आहे. गुन्हाच घडला पाहिजे असं नाही. साहेबाला माहीत असलेलं बरं, म्हणून सांगायचं. म्हणून मराठी शब्द हवा असेल तर मी ‘वर्दी’ सुचवेन. ‘सूचना’ चालेल, पण सूचनेत ‘असं करा’चा वास येतो. ‘दखलपात्र’ अर्थाने सगळ्यात जवळचा, पण तो ऐकून शेठजी दुसऱ्यांदा दचकतील.

आता वजनाचं. नोटीस आणि वॉर्निंग हे शब्द सिसलॉगच्या, म्हणजे वेगवेगळ्या प्रोग्रामांच्या नोंदी एका ठिकाणी जमवण्याच्या पद्धतीच्या, उतरंडीतले आहेत. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेलच्या प्रोग्रामसाठी सिसलॉग लिहिलं. पुढे ते सगळ्यांनीच उचललं, आणि २००९च्या आरएफसी ५४२४ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात त्याचा नमुना पक्का झाला. उतरंड शून्यापासून सातपर्यंत: इमर्जन्सी, अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटीस, इन्फो, डीबग. आकडा जितका लहान तितकं प्रकरण जड. वॉर्निंग ४, नोटीस ५. म्हणजे वॉर्निंग जड. नोटिशीचा अर्थ तिथे दिलाय तो असा: सगळं नीट आहे, पण नजरेआड करण्यासारखं नाही.

सिसलॉगच्या मूळ संदेशाच्या सुरुवातीला टोकदार कंसात एक आकडा असतो. त्याला आठाने भागा. बाकी उरते ती वरच्या उतरंडीतली पायरी, आणि भागाकार सांगतो की संदेश कोणत्या खात्यातून आला. १३ असेल तर भागाकार १, म्हणजे साधा वापरकर्त्याचा प्रोग्राम, आणि बाकी ५. नोटीस. शब्द घाबरवत असेल तर हा आकडा पाहावा.

भाऊंची रोजची नोटीस बहुतेक ‘रिझ्युमिंग नॉर्मल ऑपरेशन्स’ अशी संपत असणार. लाइन गेली, आली, मशीन पुन्हा सुरू झाली, अपाचीने वर्दी दिली: कामावर हजर. लॉगची पातळी ‘एरर’वर नेऊन ठेवली तरी ही ओळ जाणार नाही, कारण साध्या फाइलमध्ये लिहिताना अपाची नोटीस कधीच गाळत नाही. ते बरंच आहे. मशीन रीतसर बंद केली तर त्याआधी ‘कॉट सिगटर्म, शटिंग डाउन’ (थांबण्याचा इशारा मिळाला, बंद होतोय) अशी दुसरी नोटीस असते. सुरू झाल्याची ओळ आहे आणि तिच्याआधी बंद झाल्याची नाही, तर लाइन अचानक गेली असण्याची शक्यता आहे; फक्त लॉगची फाइल बदलताना अपाची स्वतःच नव्याने सुरू होतो तेव्हाही ही ओळ येते, तेवढं पाहून घ्यावं. यूपीएसची बॅटरी संपली हे शेठजींना पटवायला याहून चांगला कागद नाही.

‘फेटल’चा अर्थ शब्दकोशात प्राणघातक. पोस्टग्रेसमध्ये मात्र प्राण जातो तो एका जोडणीचा, म्हणजे एखाद्या प्रोग्रामने डेटाबेसशी जोडलेल्या संपर्काचा. लाइन येताच डेटाबेस उठतो, ‘नीट बंद झालो नव्हतो, दुरुस्ती चालू आहे’ अशा अर्थाची ओळ लिहितो आणि स्वतःची डागडुजी करू लागतो. तेवढ्यात काट्यावरचा प्रोग्राम दार ठोठावतो. त्याला उत्तर मिळतं ‘फेटल: द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’. म्हणजे थांब, आत्ताच उठतोय. थोड्या वेळाने पावती निघाली की विषय संपला. सगळ्याच जोडण्या तोडणारा शब्द वेगळा आहे, ‘पॅनिक’. तो दिसला तर मात्र काटा थांबवून जाणकाराला फोन करावा.

आणि पोस्टग्रेसचा लॉग सिसलॉगकडे वळवला असेल तर पायऱ्या बदलतात. त्याचं ‘फेटल’ तिथे नुसतं एरर होतं, एररचं वॉर्निंग होतं आणि वॉर्निंगची चक्क नोटीस होते. तेव्हा अपाचीची नोटीस सोडून द्या, पण सिसलॉगमध्ये पोस्टग्रेसच्या नावाने नोटीस असेल तर ओळ पूर्ण वाचा.